टायपिंगला उपयोगी

“पर्स उलटी करा तिची.”

आपटेकाका म्हणाले. ओरडले नाहीत. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयातून अंडर सेक्रेटरी म्हणून निवृत्त झालेला माणूस. आवाज चढवायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. त्यांच्यासाठी चढवणारे दुसरे असत.

दिल्लीच्या द्वारकेतल्या आमच्या महाराष्ट्र मंडळाचा हॉल. रविवारची सकाळ. कार्यकारिणीची नऊ माणसं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलेली, मी उभी. खुर्च्या कमी होत्या असं कुणी समजू नये. भिंतीशी वीसेक रचून ठेवलेल्या होत्या. एका काकूंनी माझी पर्स घेतली आणि टेबलावर पालथी केली. मेट्रोचं कार्ड, कंगवा, ऑफिसचं ओळखपत्र, बिस्किटांचा अर्धा पुडा. कागदात गुंडाळलेलं सॅनिटरी पॅड. तेही काकूंनी उलगडून पाहिलं, सगळ्यांसमोर. त्यात त्यांना काय सापडणार होतं, कोण जाणे. मग चेनच्या कप्प्यातून पेन ड्राइव्ह निघाला.

“सापडला,” काकू म्हणाल्या. जणू मी तो लपवून ठेवला होता. दर रविवारी तोच पेन ड्राइव्ह मी त्यांच्याच कॉम्प्युटरला लावत होते.

काकांच्या मुलाने, निखिलने, तो लावला. दुपारी मुलांना सिनेमा दाखवायचा होता, म्हणून प्रोजेक्टर आधीच जोडून ठेवलेला. माझ्या फाईली पडद्यावर आल्या. सगळ्यात वर मंडळाची वधू-वर यादी.

“बघा. यादी हिच्याकडेच आहे,” निखिल म्हणाला.

“मीच टाईप करते ना ती,” मी म्हणाले. “घरी करते, इथे आणून देते. दोन वर्षं.”

“तुला विचारलेलं नाही,” आपटेकाका म्हणाले.

निखिल थांबला नाही. यादी सापडली होती, थांबायला काय हरकत होती? त्याने माझा बायोडेटा उघडला. आई-बाबांचा फोटो उघडला. मग एक स्कॅन केलेला कागद उघडला. सरकारी परीक्षेच्या फॉर्मसाठी ठेवलेला माझा जातीचा दाखला. तो दारापेक्षा मोठा होऊन पडद्यावर आला. बाबांचं पूर्ण नाव. गाव, तालुका. जात. एका गृहस्थांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि शांतपणे सगळं वाचून काढलं.

मी ते बंद करायला पुढे झाले.

“कीबोर्डला हात लावायचा नाही,” आपटेकाका म्हणाले.

दोन वर्षं त्या कीबोर्डवर माझ्याशिवाय कुणाचा हात पडला नव्हता. त्याच्या खाचांतली धूळसुद्धा मी जुन्या टूथब्रशने काढायचे. माझा हात टेबलाच्या कडेवर तसाच राहिला. तो मागे कसा घ्यायचा तेही मला कळेना.

मग निकाल. पुढच्या रविवारपर्यंत मी लेखी माफीनामा द्यायचा. यादी मी बाहेर दिली, असं स्वतःच्या अक्षरात लिहायचं. नाही दिला तर पोलीस, आणि माझ्या कंपनीला मंडळाच्या लेटरहेडवर पत्र. माझ्या वस्तू मी एकेक करून पर्समध्ये भरल्या. कुणी मान वळवली नाही. सगळे बघत होते.

झालं काय होतं, ते आता सांगते.

माझे बाबा त्याच मंत्रालयात शिपाई. आपटेसाहेबांच्या सेक्शनमध्ये त्यांनी एकवीस वर्षं फाईली वाहिल्या. द्वारकेत आम्हाला लॉटरीत एका खोलीचा सरकारी फ्लॅट लागला, आणि चार सेक्टर पलीकडे साहेबांचाही मोठा फ्लॅट निघाला. मंडळाच्या गणपतीत बाबा खुर्च्या लावायला जायचे. मीही जायचे. तिथे कुणीतरी विचारलं, कॉम्प्युटर कुणाला येतो? मी हात वर केला. कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला होता, गुडगावात एका कंपनीच्या हेल्पडेस्कवर नोकरी होती. दिवसभर लोकांचे विसरलेले पासवर्ड बदलून द्यायचे हे माझं काम. साहेब म्हणाले, “अरे वा, शंकरची मुलगी! आपल्यातलीच.”

या एका शब्दावर मी दोन वर्षं रविवार दिले. फुकट. दिल्लीत वाढलेली पोर मी, माझ्या मराठीत निम्मं हिंदी. तिथे लोक माझं मराठी हसून सुधारायचे आणि मला ते लाडच वाटायचे. मी त्यांना काका म्हणायला लागले तेव्हा बाबा घाबरले होते. “साहेब म्हण, बाई,” म्हणाले. मी ऐकलं नाही. चहा सगळ्यांच्याच कपात मिळायचा. फराळाच्या ताटात माझ्याही पुढ्यात करंजी यायची. आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून काही कळत नाही. म्हणून तर फसले.

काम होतं वधू-वर यादीचं. दिल्ली, नोएडा, गुडगाव, जिथे जिथे मराठी माणूस नोकरीला आला होता तिथून फॉर्म यायचे. गाव सोडून आलेल्यांना मुलीचं लग्न ही एकच काळजी, आणि मंडळ हा एकच आधार. लोक काहीही लिहून द्यायचे. जन्मतारीख, जन्मवेळ, रक्तगट, उंची, घरचा पत्ता, ऑफिसचा पत्ता, किती वाजता सुटते, मोबाईल, फोटो. एका आईने मुलीच्या येण्याजाण्याची बससुद्धा लिहिली होती, म्हणजे मुलाला लांबून बघायचं असेल तर सोपं जाईल. मी सगळं टाईप करायचे. दोनशेच्या वर मुली झाल्या होत्या.

त्यात एक मी. आईने हट्टाने माझाही फॉर्म भरला. जातीच्या जागी लिहिलं, अट नाही. दर रविवारी मी घरी आले की आई विचारायची, “काही आलं का?” काही यायचं नाही. दोन वर्षांत एकही नाही. आई मग माझ्या रंगाकडे बघायची आणि बेसन-हळद कालवायला घ्यायची.

आपटेकाकांनी ठरवलं की यादी इंटरनेटवर टाकायची. मंडळाची वेबसाईट निखिलने बनवली. नोएडाच्या मोठ्या कंपनीत होता तो, सुटीच्या दिवशीही कंपनीचा पट्टा गळ्यात घालून यायचा. यादीच्या पानाला पासवर्ड होता, सभासदांनाच दिलेला. सगळे खूश. पण एकदा ऑफिसमध्ये सहज मी एका मुलीचा मोबाईल नंबर सर्चमध्ये टाकला आणि अख्खी फाईल समोर. पासवर्ड न विचारता. दाराला कुलूप आणि खिडकी सताड उघडी, असा प्रकार. मी फाईल घाईघाईने बंद केली. दुसऱ्यांच्या मुलींची माहिती, आपण का बघा! हा माझा भाबडेपणा.

रविवारी निखिलला सांगितलं. तो हसला. म्हणाला, “यार, हेल्पडेस्कवर बसून सिक्युरिटी नाही कळत.” काकांना सांगितलं. काका म्हणाले, “तू टाईप कर. बाकी निखिल बघेल.” मी गप्प बसले. ही माझी चूक, आणि ती मी कबूल करते. दोन महिने मी मूग गिळून बसले.

मग मुलींना फोन यायला लागले. माणूस हिंदी बोलायचा, गोड बोलायचा. मंडळातून नंबर मिळाला, मुलाकडचा आहे, म्हणायचा. विश्वास बसेल असं सगळं सांगायचा, जन्मवेळेपर्यंत. मग भेटायला बोलवायचा. नाही म्हटलं की धमकी. प्राजक्ता नावाच्या मुलीला तो म्हणाला, “सगाई टूटी थी ना तुम्हारी? वजह सबको बता दूँ?” ती घाबरून फोन बंद करून बसली, तर आठवड्याने तिचा फोटो आणि नंबर एका घाणेरड्या वेबसाईटवर. दिवसाला पन्नास-साठ फोन. ऑफिसच्या खाली कुणी कुणी येऊन उभे राहायचे. तिने नोकरी सोडली. तिचे वडील मंडळात येऊन रडले. भर हॉलमध्ये, धाय मोकलून.

आता मंडळाला कुणीतरी हवं होतं. मी होते.

त्या रविवारी मी घरी काही सांगितलं नाही. बाबांना साहेबांचा फोन गेलाच होता. बाबा भिंतीला टेकून बसले होते, हात मांड्यांवर, साहेबांच्या केबिनबाहेर स्टुलावर बसायचे तसे.

सोमवारी ऑफिसात जेवणाच्या सुटीत मी ती फाईल पुन्हा उघडली. अजून तशीच उघडी होती. इतकं सगळं होऊनही कुणाला ती झाकायचं सुचलं नव्हतं. माझ्यावर आरोप ठेवण्यात सगळे गुंतले होते. या वेळी मी बंद केली नाही. एकेक ओळ बघत गेले. फाईल माझीच, पण काहीतरी वेगळं होतं. वर रकान्यांची अक्षरं असतात, ए, बी, सी, डी. के नंतर एकदम एम. मधला एल गायब.

हेल्पडेस्कवाल्या मुलीला एवढं येतं. रकाना लपवला की तो जात नाही, नुसता दिसेनासा होतो. दोन क्लिक केले आणि तो उघडला. वर लिहिलं होतं, ‘समितीसाठी शेरा’.

तो रकाना मी टाईप केलेला नव्हता. माझ्याकडून फाईल गेली की काका घरी बसून तो भरत. भाषा ओळखीची होती. सरकारी फाईलवर साहेब लोक इंग्रजीत टिपणी लिहितात, ती. बाहेरच्याला पत्र दिसतं, टिपणी आतच राहते. आयुष्यभर त्यांनी तेच केलं होतं. कॉम्प्युटरवरही त्यांना वाटलं, झाकलं म्हणजे आत राहिलं. आणि निखिलने न बघता फाईल जशीच्या तशी चढवली. सिक्युरिटी बघणारा निखिल.

मी वाचत गेले. मराठीत सांगायचं तर असं होतं. ‘फीट येतात, घरचे लपवतात.’ ‘आई पळून गेलेली, मावशीने वाढवली.’ ‘वडील पितात.’ ‘ऑफिसातल्या मुसलमान मुलाशी मैत्री असल्याचे कळते, खात्री करावी.’ प्राजक्तासमोर लिहिलं होतं, ‘साखरपुडा मोडला. कारण मुलाकडून कळले नाही. चौकशी करावी.’

इथे मी थांबले. प्राजक्ताच्या साखरपुड्याचा शब्दही तिच्या फॉर्ममध्ये नव्हता. माझ्या फाईलमध्ये नव्हता. ते फक्त काकांना माहीत होतं आणि त्यांच्या या रकान्यात होतं. फोनवरच्या माणसाने तेच बोलून दाखवलं. म्हणजे यादी माझ्या पेन ड्राइव्हमधून गेली नाही, हे आपटेकाकांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. प्राजक्ताचे वडील फोनवरची ती धमकी सांगून रडत होते तेव्हाच कळलं होतं. आणि हे कळलेल्या माणसाने माझी पर्स उलटी करायला लावली.

फाईल सरकवत खाली गेले, माझ्या ओळीपर्यंत.

‘शंकर शिपायाची मुलगी. आपल्यातली नाही. स्थळे पाठवू नयेत. टायपिंगला उपयोगी.’

मी ते चारदा वाचलं. शेजारच्या टेबलावर एक पोरगा हेडफोन लावून कुणाला तरी सांगत होता, “सर, कॅपिटल एल, सर.” मी उठून बाथरूममध्ये गेले आणि तोंडात ओढणी कोंबून रडले. दोन वर्षं आई माझ्या तोंडाला बेसन लावत होती हो! दोन वर्षं. आणि दाखला पडद्यावर आला तेव्हा हॉलमध्ये जी शांतता पसरली, ती तरी खरी होती का? कार्यकारिणीत किती जणांनी ही ओळ आधीच वाचली होती? मला मरावंसं वाटलं. हे लिहायला लाज वाटत नाही. गुडगावची ती काचेची इमारत, अकरावा मजला, त्या बाथरूमची खिडकी उघडत नाही हे मी त्या दिवशी तपासलं.

खिडकी उघडली नाही. मी तोंड धुतलं, परत आले आणि फाईल प्रिंटरला दिली.

घरी बाबांच्या हातात एक कागद होता. आपटेसाहेबांचं सुबक अक्षर. माफीनाम्याचा मसुदा, तयार. ‘मी मोहाला बळी पडून मंडळाची गोपनीय माहिती बाहेरच्या व्यक्तीस दिली. याबद्दल मला पश्चात्ताप होत आहे.’

“साहेबांनी स्वतः लिहून दिलंय,” बाबा म्हणाले. “तू फक्त उतरवून काढ अन् सही कर. पोलीस नाही आणणार म्हणाले. कंपनीलाही नाही कळवणार.”

“मी काही केलं नाही, बाबा.”

“मला माहीत आहे ना.”

“मग?”

“आठ महिने राहिलेत माझे रिटायर व्हायला. मंत्रालयात अजून त्यांची माणसं आहेत. पेन्शनचा कागद अडवायला काय लागतं? लिहून दे, बाई. मी पाय धरलेत त्यांचे.”

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पदर तोंडाशी.

मी प्रिंटमधली माझी ओळ बाबांपुढे ठेवली. बाबांना इंग्रजी अक्षर लावून लावून येतं. एकवीस वर्षं फाईलींवरची नावं वाचून शिकले. त्यांनी बोट ठेवत वाचलं. मला वाटलं आता ते उठतील. काहीतरी फेकतील. निदान मसुदा तरी फाडतील.

बाबा म्हणाले, “असंच लिहितात ते.”

“म्हणजे?”

“फाईली मीच तर न्यायचो. माझ्या प्रमोशनची फाईलही मीच नेली. दप्तरी व्हायचं होतं मला, शिपायाच्या वरची जागा. वाटेत जिन्यात उघडून पाहिली. लिहिलं होतं, प्रामाणिक आहे, पण या लोकांना पुढे आणलं की शिस्त बिघडते. मी फाईल बंद केली. आत नेऊन ठेवली. साहेब म्हणाले, शंकर, या वेळी जमलं नाही, इथे सही कर. मी केली.”

“आम्हाला कधी सांगितलं नाहीत?”

“काय सांगायचं त्यात?”

आईने हे पहिल्यांदाच ऐकलं. ती तिथेच उंबऱ्यावर बसली.

मला बाबांचा राग आला. आजही येतो. खोटं कशाला बोलू? ज्या माणसाने आयुष्यभर त्यांचं पाणी भरलं त्याच्याबद्दल हे लिहिलं, आणि हा माणूस ती फाईल नीट, घडी न मोडता, त्यांच्याच टेबलावर ठेवून आला. आणि आता तीच सही माझ्याकडून हवी होती त्याला. पण त्याच वेळी मला तो जिना दिसत होता. हातात फाईल, एकटा, कुणाला सांगायची सोय नाही. बाबांना तेव्हा मागे कुणी नव्हतं. मलाही नव्हतं. पण माझ्याकडे निदान प्रिंट होती.

“मी लिहून देणार नाही,” मी म्हणाले.

“बाई, ऐक...”

“नाही देणार.”

बाबांनी मसुदा परत घडी करून खिशात ठेवला. त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत.

पुढचे तीन दिवस मी एकच काम केलं. प्रिंटच्या पट्ट्या कापल्या. एका मुलीची एक ओळ, एका पाकिटात. एकीची ओळ दुसरीला दिसता कामा नये. मी सगळ्यांचे शेरे वाचले होते, ते पुरेसं वाईट होतं. सुरुवात प्राजक्तापासून करायची ठरवलं.

तिच्या आईने साखळी न काढता दार किलकिलं केलं. मला ओळखलं. “आता काय विकायला आलीस?” म्हणाली.

“प्राजक्ताला एक कागद द्यायचाय, काकू.”

“नको आम्हाला काही. जा इथून. शरम नाही वाटत?”

आतून प्राजक्ता आली. केस बांधलेले नव्हते, डोळ्यांखाली काळं. माझ्याच वयाची. तिने फटीतून हात काढून पाकीट घेतलं. उभ्या उभ्या वाचलं.

“हे कुणी लिहिलं?”

मी नाव सांगितलं.

“त्या माणसाला कुठून मिळालं?”

तेही सांगितलं. फाईल, वेबसाईट, सगळं. मी दोन महिने आधी सांगितलं होतं आणि मग गप्प बसले होते, हेसुद्धा.

ती म्हणाली, “माझे बाबा त्यांच्याकडे तक्रार घेऊन गेले होते. ते म्हणाले, तुमच्याच मुलीने कुठेतरी नंबर वाटला असेल. बाबांनी घरी येऊन मला मारलं.”

मग दार लागलं. बराच वेळ मी जिन्यात उभी होते.

रविवारी हॉलमध्ये तीच नऊ माणसं. आज माझ्यासाठी एक खुर्ची ठेवली होती. टेबलावर कोरा कागद, पेन. आपटेकाका मऊ आवाजात म्हणाले, “ये, बस. चूक माणसाकडूनच होते. लिही आणि मोकळी हो.”

मी बसले नाही. म्हणाले, “मी सही करणार नाही. फाईल तुमच्या वेबसाईटवर उघडी होती, अजून आहे. तुमच्या शेऱ्यांसकट.”

शेऱ्यांसकट म्हणताच काकांच्या चेहऱ्यावरचा मऊपणा गेला. एका काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. म्हणजे काहींना खरंच माहीत नव्हतं. त्या काकूंची मुलगीही यादीत होती. त्यांना मी त्यांच्या मुलीचं पाकीट दिलं. त्यांनी ते उघडलं नाही, पर्समध्ये टाकलं आणि पर्सची चेन दोनदा लावली.

निखिल म्हणाला, “एक मिनिट. फाईल उघडलीस ना तू? हिडन डेटा काढलास? मग गुन्हा तूच केलास. अनऑथराइज्ड ॲक्सेस म्हणतात याला. आम्ही नाही, तूच आत जाशील.”

“जाईन,” मी म्हणाले.

“शंकरचा तरी विचार कर,” आपटेकाका म्हणाले.

मी वळले आणि बाहेर पडले. मागून कुणी हाक मारली नाही.

तिथून सरळ पोलीस ठाण्यात. दोन तास बाकावर. मग एका हवालदाराने ऐकून घेतलं, अर्धं. “मैडम, फोन ही तो आया है. हुआ क्या है?” म्हणाला. मी प्रिंट दाखवली. त्याने आतल्या साहेबाला बोलावलं. साहेबाने सगळं चाळलं. वधू-वर हा काय प्रकार आहे ते मला समजावून सांगावं लागलं.

“यह फाइल आपने खोली?”

“हाँ.”

“कहाँ से?”

“ऑफिस के कंप्यूटर से.”

त्याने पेन खाली ठेवलं. माणूस वाईट नसावा. म्हणाला, “देखिए, शिकायत लिखवाओगी तो पूछताछ सबसे पहले आपसे होगी. नौकरी भी जा सकती है. घर में सलाह कर लो. बड़े लोग हैं, मिल-बैठके निपटा लो.”

घरात सल्ला कुणाचा घ्यायचा? आई बोलत नव्हती, बाबा बोलत नव्हते. परत जाऊन त्या कोऱ्या कागदावर सही केली असती तर संध्याकाळपर्यंत सगळं मिटलं असतं. हॉल दहा मिनिटांवर होता. मी हे मोजलं, हे लपवत नाही.

“कागज़ दीजिए,” मी म्हणाले.

आणि लिहिलं. माझं नाव. वडिलांचं नाव. फाईल मी उघडली, अमुक वारी, जेवणाच्या सुटीत, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर. उघडी होती म्हणून उघडली. लपवलेला रकाना मी काढला. त्यात काय लिहिलं होतं तेही लिहिलं, फक्त माझ्या ओळीतलं, शब्द न् शब्द. इतर मुलींचं मी लिहिलं नाही. ते त्यांचं आहे, त्यांनी ठरवायचं. जात विचारली नव्हती. मी लिहिली. त्या शेऱ्याचा अर्थ त्याशिवाय कुणाला कळला नसता.

त्या रात्रीच वेबसाईट बंद झाली. फाईल मात्र संपली नाही. ती कुणाकुणाकडे उतरलेली आहे हे कुणालाच माहीत नाही, आणि ती परत बोलावता येत नाही. मुली लग्न होऊन जातील, घरं बदलतील, नंबर बदलतील. जन्मवेळ कुठे बदलणार? फीट येतात हे कुठे बदलणार? दोन आठवड्यांनी माझी नोकरी गेली. ऑफिसच्या मशीनचा गैरवापर. बाबा जेवायला माझ्यासमोर बसत नाहीत, ताट घेऊन बाल्कनीत जातात. चौकशीला मला चार वेळा बोलावलं आहे, आपटेकाकांना एकदाही नाही.

मला कुणी धन्यवाद दिलेले नाहीत. मी मागत नाही. दीडशेवर पाकिटं अजून खाटेखालच्या पेटीत आहेत. रोज दोन-तीन घेऊन निघते. नोएडा, गाझियाबाद, फरिदाबाद. कुणी घेतं, कुणी शिव्या देतं, कुणी दारच उघडत नाही. मग मी दुसऱ्या दिवशी पुन्हा जाते. आईच्या हातात देत नाही, वडिलांच्या नाही, भावाच्या नाही. जिची ओळ, तिच्याच हातात. आपल्याबद्दल काय लिहून ठेवलंय आणि ते कुणी लिहिलंय, हे तिला कळलंच पाहिजे. मग तिने रडावं, लढावं, फाडून टाकावं, तिची मर्जी.

पाचव्यांदा बोलावलं की पाचव्यांदा जाईन. मला आत टाकलं तर आतून हेच सांगेन. जे मी केलं ते मी लिहून दिलं आहे, त्याखाली माझी सही आहे. जे मी केलं नाही त्याखाली माझी सही कुणालाही मिळणार नाही. आपटेंना नाही. बाबा उद्या माझ्या पायावर डोकं ठेवून मागायला आले, तर त्यांनासुद्धा नाही.